माझ्या वासाचं फूल

४ मार्च

आलो एकदाचे. सामानाचा टेम्पो दुपारपर्यंत रिकामा झाला. एक आरसा तडकला, बाकी सगळं धडधाकट आहे. घर मला फार आवडलं. खरं तर अर्धं घर. पुढचा भाग माझ्या नणंदेचा, मागचा आता आमचा आणि मध्ये एक दार, दोन्हीकडून कडी असलेलं. म्हणजे भांडण झालं तर दोघींनाही कडी लावायची सोय आहे, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो हसला नाही, म्हणजे त्यालाही तीच धास्ती असणार.

वन्सं मात्र बऱ्या वाटल्या. नवऱ्याहून बऱ्याच मोठ्या, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यापासून त्या एकट्याच असतात. आम्हाला आग्रह करून त्यांनीच बोलावलं. मला इथल्या लाँड्रीत नोकरी आणि ठमीला दिवसभर घरचं माणूस, यापेक्षा आणखी काय पाहिजे? ठमी म्हणजे आमची लेक. तिचं खरं नाव मोठं आणि भारदस्त आहे, ते शाळेत जाईपर्यंत जपून ठेवलंय. सध्या ती दुडुदुडु चालते, जे दिसेल ते तोंडात घालते आणि झोपताना माझ्या मानेत नाक खुपसते.

पुढच्या अंगणात वन्संच्या खिडकीखाली एक फुलझाड आहे. असं मी कुठेच पाहिलेलं नाही. पानं रुंद, लवदार, मधून एक जाड दांडा आणि त्यावर मेणाची वाटावीत अशी फिक्कट फुलं. त्याचा कंद मेलाच नाही म्हणे कधी, दरवर्षी त्याच जागी उगवतं. नाव विचारलं तर वन्सं म्हणाल्या, नाव कशाला हवं. उद्या खिडक्यांना पडदे लावायचेत.

९ मार्च

लाँड्री मोठी आहे. मालकीणबाई कडक पण दिलदार. आज एका गिऱ्हाइकाच्या कोटाची चिठ्ठी हरवली आणि सगळ्यांची पळापळ झाली. मी काउंटरपाशी उभ्या असलेल्या त्या गृहस्थांचा गळपट्टा मागून घेतला, वास घेतला, मागच्या रॅकवर जाऊन त्यांचा कोट काढून दिला. मालकीणबाई आधी हसल्या, मग माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघू लागल्या. माझं नाक आहेच तसं. माणसाचा वास कॉलरीत, काखेत आणि बाहीच्या टोकाला बसतो. साबण त्याला फक्त पातळ करतो. हे मला कुणी शिकवलं नाही.

घरी येताना सहज वन्संच्या फुलापाशी वाकले आणि चक्रावलेच. हा फुलाचा वासच नव्हे. ही पुरुषाची वापरलेली कॉलर आहे. दाढीचा साबण, तंबाखू आणि मशीनचं बारीक तेल. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, हो, भाऊजींचा वास येतो त्याला, आम्हाला सगळ्यांना येतो. जणू यात काही विशेषच नाही.

२२ मार्च

आज संध्याकाळी ठमीला आणायला मधल्या दारातून गेले. ती वन्संच्या मांडीवर बसून चमच्याने दूध पीत होती. मला बघितलं, आणि पुन्हा चमच्याकडे वळली. उचलून घेतलं तर माझ्या खांद्यावरून मागे हात पसरून रडायला लागली. वन्सं म्हणाल्या, दमली असेल. दमलेलं पोर आईकडे येतं, आईकडून पळत नाही, एवढं मलाही कळतं.

रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याचं म्हणणं, दिवसभर जी सांभाळते तिची सवय होणारच, उलट बरंच आहे. त्याचं सगळंच उलट बरं असतं.

२९ मार्च

ठमी पहिला स्पष्ट शब्द बोलली. 'आत्या.' 

वन्संना इतका आनंद झाला की त्यांनी मला दारातच सांगितलं, चपलाही काढू दिल्या नाहीत. मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. नऊ महिने मी वाहिलं, रात्री मी जागवल्या आणि नाव घेतलं कुणाचं? मला माहीत आहे हे खुळचट आहे. पण इथे तरी खरं लिहिते.

५ एप्रिल

रविवार. सकाळपासून वन्संच्या फाटकापाशी ये-जा चालू होती. बेकरीवाला, शेजारचं म्हातारं जोडपं, वन्संच्या यजमानांचं जुनं गिऱ्हाईक कुणी. येतात, फुलापाशी उभे राहतात, डोळे मिटतात, वन्संशी हलक्या आवाजात चार शब्द बोलतात आणि जातात. ठमी तिथेच मातीत बसलेली, दरबारातल्या राणीसारखी. मागच्या अंगणात मी एकटी कपडे वाळत घालत होते.

दुपारी वन्संकडे कंदाचा एक तुकडा मागितला. म्हटलं, मागची जागा ओसाड पडलीय, लावीन म्हणते. त्या पटकन नाही म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, हे तुझ्यासाठी नाही गं, अजून नाही. दुसरं काहीही लाव, मी रोपं आणून देते. 

मला झेंडूची रोपं द्यायला निघाल्या आहेत. माझी लेक त्यांना चालते, माझ्या हातात त्यांचा कंद मात्र चालत नाही.

८ एप्रिल

आज सुट्टी होती. खिडकीच्या फटीतून वन्संना बागकाम करताना नीट पाहिलं. अंगात यजमानांचा जुना कोट, हातात त्यांचेच हातमोजे. कोटाच्या बाहीने त्या एकेक पान पुसतात. बुंध्याशी माती उकरून कापडाचा एक चिंधीसारखा तुकडा पुरतात. आतापर्यंत मी याला म्हातारपणीचा चाळा समजत होते. आज डोक्यात लख्ख उजेड पडला. ते झाड कपड्यातून वास उचलतं. बाकी कुणाला सुचलं नसतं, पण माझा तर धंदाच हा.

वन्सं ठमीला बाबागाडीतून फिरवायला घेऊन गेल्या, तेवढ्यात मी पुढच्या अंगणात जाऊन कंदाचा अंगठ्याएवढा तुकडा काढला. चोरी वगैरे काही वाटलं नाही. मागच्या खिडकीखाली, ठमीच्या पलंगाच्या अगदी बाहेर, वाफा केला. खाली काय घालायचं याचा विचारही करावा लागला नाही. ठमीला पाजताना मी जो गाऊन घालायचे तो न धुता ठेवलेला होता. त्याची कॉलर, काखा आणि छातीचा भाग कापून कंदाभोवती गुंडाळला. मी कपडे ओळखते. जिथे सर्वात जास्त मी आहे, तेवढंच दिलं.

३० एप्रिल

कोंब येऊन पानंही फुटली. रोज कामावरून आले की घामेजलेल्या बाहीने पानं पुसते. नवरा विचारतो, एवढं काय लावलंयस. म्हटलं, कळेल.

१८ मे

फुललं. वन्संच्याहून मोठं, दुधाच्या सायीच्या रंगाचं. मी नाक खुपसून वास घेतला. काहीच नाही. पुन्हा घेतला, मग माझं मलाच हसू आलं. आपला वास आपल्याला कुठे येतो?

पण ठमी. मधल्या दारात वन्संच्या कडेवरून उतरली, थबकली, नाक वर केलं आणि धावत सुटली. माझ्या वाफ्याकडे. पानांत तोंड खुपसून खिदळायला लागली. वन्संनी हाका मारल्या, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मी पायरीवर बसून बघत होते. कित्येक दिवसांत इतकी सुखाची संध्याकाळ गेली नव्हती.

१९ मे

वन्सं सकाळीच आल्या. वाफ्यापाशी उभ्या राहिल्या, वास घेतला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणाचं दिलंस त्याला?"

"माझंच," मी म्हटलं.

"अगं, गेलेल्या माणसाचं द्यायचं असतं. त्याला ते लागत नाही. तुला लागणार आहे."

मग खाली बसून बरंच काही सांगत राहिल्या. ते झाड वास नुसता उचलत नाही, ओढून घेतं. त्यांनी यजमानांचे कपडे, उशी, चादर सगळं त्याला दिलं. आता त्या कोटालाही त्यांचा वास उरलेला नाही, आत बसल्या की चेहरासुद्धा आठवत नाही, आठवायला अंगणात यावं लागतं. मला म्हणाल्या, आजच उपटून टाक. मी ऐकून घेतलं आणि चहा ठेवायला आत गेले. पोर हातातून निसटली म्हणून काय काय सुचतंय बाईंना. जळतायत. आता त्यांची पाळी.

३ जून

ठमी सगळा दिवस मागच्या अंगणातच असते. वन्सं तिथे खुर्ची टाकून बसतात. मी आले की ठमीला उचलायला जाते, ती वाफ्याला चिकटून राहते. माझंच फूल आहे, म्हणून फार वाईट वाटत नाही. थोडंसं वाटतं.

लाँड्रीत आज माझा आठवडाभर वापरलेला एप्रन धुवायला टाकला, तर मालकीणबाईंनी परत दिला. हा धुतलेलाच आहे की, म्हणाल्या. मी त्याचा गळ्याचा पट्टा हुंगला. घाम नाही, साबण नाही. कोऱ्या कापडालाही खळीचा वास असतो. याला काहीच नव्हता.

९ जून

नवरा संध्याकाळचा चहा वाफ्यापाशी बसून पितो. पूर्वी माझ्याबरोबर प्यायचा. आज ऐकलं तर तिथे बसून ऑफिसच्या गोष्टी सांगत होता, हसत होता. मी दारात आले, गप्प बसला. बाहेरचं माणूस आलं की बसतात तसा.

एका रोपट्याचा मला मत्सर वाटतोय. कुणाला सांगू?

१४ जून

आज ठमीला घेऊन लाँड्रीत निघाले. म्हटलं, दिवसभर माझ्याबरोबर राहील, येईल वळणावर. कोपऱ्यापर्यंत गेलो नसू तोच ती किंचाळायला लागली. हट्टाचं रडणं नव्हतं. घाबरलेलं. माझ्या छातीशी नाक आणायची, काहीतरी शोधायची आणि जास्तच ओरडायची. लोक थांबले. बेकरीवाला रोज मला नमस्कार करतो, तो पुढे आला आणि विचारलं, बाई, हे मूल कुणाचं आहे?

माझं आहे म्हटलं. त्याने ठमीकडे पाहिलं. ती अंग टाकून त्याच्याकडे झेपावत होती. एका बाईने माझा दंड धरला. कसाबसा तो सोडवून घेतला आणि ठमीला घेऊन घरी पळत आले. सोडल्याबरोबर ठमी वाफ्यात जाऊन पडली आणि हुंदके देत झोपली. तोंडात एक पान होतं, ती ते चोखत होती.

१५ जून

कामावर गेले नाही. फावडं आणलं.

पहिला घाव घातला तोच ठमी किंचाळली— "आई!"

स्पष्ट. पहिल्यांदा. मी फावडं टाकून हात पसरले. ती माझ्या बाजूने पळत पुढे गेली आणि त्या झाडाला मिठी मारली. कापलेल्या दांड्यावर हात फिरवत होती. आई, आई. माझ्याकडे बघून थरथर कापत होती.

मी किती दिवस वाट पाहिली होती त्या शब्दाची.

कंद खाली खोल गेलाय. भिंतीखालून आत, तिच्या पलंगाखाली. गाऊनचा एक धागाही सापडला नाही.

१६ जून

नवरा दारात भेटला. बघितलं. जरा गोंधळला. मग अदबीने म्हणाला—

"आपण कुणाकडे आलात?"

मी त्याचं नाव घेतलं. हसला, ओळखीचं हसू नव्हे. म्हणाला बायको मागे आहे, बागेत, बोलावतो. आणि वाफ्याकडे गेला.

१७ जून

आता फक्त वन्संनाच मी कळते. माझ्या हाताला चाचपून धरतात, आंधळ्यासारख्या. आज त्यांना विचारलं, जाळून टाकलं तर मी परत येईन?

त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला.

"नाही. जाळलंस तर ठमीला तेवढीही आई उरणार नाही."

मी हात सोडवून घेतला. वाटलं, हेच हवं होतं त्यांना. मग बघितलं, त्या रडत होत्या.

काड्यापेटी घेऊन वाफ्यापाशी गेले. ठमी पानाखाली झोपलेली. गालावर पान, जसा माझा हात असायचा. काडी ओढली नाही. नाहीच जमलं.

२० जून

आज वास आला.

मला. त्या फुलाचा. म्हणजे आता ते माझं नाही, नाहीतर आला नसता— आपला कुठे येतो—

दूध. गरम इस्त्री. केसांचं तेल. थोडा घाम. जागरणाचा जडपणा. किती बरा वास आहे. एवढी चांगली होते मी? मीसुद्धा तिच्याचकडे गेले असते.

कुणी सांगितलंच नाही कधी.

मला तिचा इतका राग येतो. तिला सगळं मिळालं— लेक, नवरा, संध्याकाळचा चहा— आणि केलं काय तिने, नुसती उभी राहिली.

२२ जून

आरशासमोर गेले नाही. भीती वाटते. लाँड्रीत गेले, मालकीणबाईंनी चिठ्ठी मागितली. कपडे कुठले तुमचे, म्हणाल्या.

नाक अजून आहे. सगळ्यांचे वास येतात. माझाच—

२३ जून

विचार केला. ठमी माझ्याकडे येणार नाही. मी तिच्याकडे जाऊ शकते. जे माझं होतं ते सगळं तिथे आहे, खाली. त्याला अजून काही लागत असेल. किंवा माझ्याशी वाटून घेईल. घ्यायलाच हवं. माझंच आहे.

वन्संना सांगितलं नाही. अडवतील. मधल्या दाराला आमच्या बाजूने कडी लावली.

२४ जून

उन्हं चांगली आहेत. वाफ्यात आडवी झालेय, वही छातीवर. माती मऊ. फावड्याने सैल केलेली तीच. पाय झाकले. गार नाही, उबदार आहे. आत काहीतरी बोटांना धरतंय, हळू— तान्हं धरतं तसं.

वन्सं दार ठोठावतायत. माझं नाव घेऊन हाका मारतायत. त्यांच्या तोंडी बरं वाटतं.

ठमी आली पायरीवरून. नाक वर. हसली.

इकडेच येतेय. 

बसली. माझ्या दंडाला पाठ लागलीय तिची, ऊब कळतेय— तिला माहीत नाही मी आहे इथे— पानांना बिलगलीय, माझ्याकडे पाठ करून. अजून तिच्याकडेच.

कमरेपर्यंत ओढलीय माती. आता वळली जरा. हुंगतेय. माझ्या खांद्यापाशी. हो, इथेच, अगं, इथे—

परत तिकडे वळली.

छातीपर्यंत हवी. मानेपर्यंत. तिथेच नाक खुपसायची ती. एक हात पुरेल ओढायला, दुसऱ्याने हे—

वळतेय. ठमे, मी—